झाकली मूठ आणि तिच्यावरचा आकडा : नव्या ग्रेडिंग कंपनीवर विश्वास कधी ठेवावा?



गेल्या दोन व्याख्यानांत आपण शब्दप्रमाणाचा विचार केला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं त्याला ज्ञान म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न होता. त्यानंतर तुमच्यापैकी काहींनी कळवलं की हे सगळं ठीक आहे, पण नैयायिक आणि मीमांसक यांच्या वादाचा आजच्या माणसाला उपयोग काय? म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊन बसणार आहोत. उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि विषय काहींना पोरकट वाटेल, कारण तो जुन्या कॉमिक्सचा आहे. पण त्यात एका घराचे बरेच पैसे अडकलेले आहेत, तेव्हा जरा गांभीर्यानं घेऊ.

आमचा एक माजी विद्यार्थी पंचवीस-तीस वर्षं न्यू जर्सीत राहतो. तिथे गेल्यावर पहिल्या काही वर्षांत कुणीतरी घर रिकामं करताना विकायला काढलेलं कॉमिक्सचं एक खोकं त्यानं हौसेनं घेतलं होतं. त्या खोक्यात 'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक निघाला. नोव्हेंबर १९७४ ही तारीख असलेल्या या अंकात वुल्व्हरिन हे पात्र पहिल्यांदा पूर्णपणे वाचकांसमोर आलं, त्यामुळे संग्राहकांमध्ये त्याला फार मागणी आहे. या वर्षी त्याची मुलगी कॉलेजात जाते आहे. अंक विकून फीला हातभार लावावा असा विचार त्यानं केला. विकायच्या आधी अंकाची प्रत ठरवून घ्यावी लागते, आणि नेमकी त्याच सुमारास एका नव्या कंपनीची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. शुल्क जुन्या कंपनीच्या निम्मं, आणि काम काही आठवड्यांत पुरं. त्यानं आम्हाला फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला दोन वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलंत. आता सांगा, या कंपनीवर विश्वास ठेवू का?"

आम्ही आधी हसलो. इंद्रजालचा वेताळ वाचून झाला की अंक रद्दीत घालणारी आमची पिढी. मग लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर माणसाला विचारला आहे.

ग्रेडिंग म्हणजे काय

आधी व्यवहार समजून घेऊ. जुन्या कॉमिकची किंमत दोन गोष्टींवर ठरते. एक, अंक कोणता. दुसरी, तो कोणत्या स्थितीत आहे. कण्याजवळच्या बारीक चिरा, कोपऱ्याची घडी, पिवळी पडलेली पानं, गंजलेली पिन, या सगळ्यांचा हिशेब होतो. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किमतींची मार्गदर्शिका निघते आणि स्थितीचं वर्णन करण्याची भाषा बरीचशी तिच्यातून रुळली. पण वर्षानुवर्षं ही स्थिती ठरवायचा कोण? विकणारा स्वतःच. आणि विकणाऱ्याला आपला माल 'जवळजवळ नवा' दिसतो, घेणाऱ्याला तोच 'बरा' दिसतो. गाय विकणारा आणि गाय घेणारा यांचं दुधाविषयी कधी एकमत झालं आहे का?

२००० साली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, म्हणजे सीजीसी, सुरू झाली आणि हे काम तिसऱ्या माणसाकडे गेलं. अंक कंपनीकडे पाठवायचा. तिथे पानं मोजली जातात, अंकावर काही डागडुजी झाली आहे का ते पाहिलं जातं, एकाहून अधिक परीक्षक तो तपासतात, आणि ०.५ ते १०.० या मापावर एक आकडा ठरतो. मग अंक पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात कायमचा बंद करून वर चिठ्ठी लावतात. सीजीसीच्या पद्धतीत निळी चिठ्ठी म्हणजे साधा अंक, जांभळी म्हणजे डागडुजी केलेला, हिरवी म्हणजे एखादी मोठी त्रुटी वेगळी नोंदवून आकडा दिलेला, आणि पिवळी म्हणजे परीक्षकांच्या प्रतिनिधीसमोर सही झालेला.

या आकड्याला किती वजन आहे पाहा. १९३८ साली दहा सेंटला विकला गेलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याची ८.५ आकड्याची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. १९३९ च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची ९.० आकड्याची प्रत नोव्हेंबर २०२५ मध्ये ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. हे टोकाचे दाखले झाले. पण साध्या अंकांतसुद्धा ९.६ आणि ९.८ यांच्या किमतीत मोठं अंतर पडतं, आणि हे दोन अंक शेजारी ठेवले तर तुम्हा-आम्हाला त्यांतला फरक सांगता येणार नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे म्हणतात, हातच्या कांकणाला आरसा कशाला? इथे कांकण काचेत बंद आहे आणि आपण फक्त आरशाकडे पाहून पैसे मोजतो. कवच उघडलं की प्रमाणपत्र रद्द. म्हणजे आतली पानं पाहायची तर प्रमाणपत्राची किंमत घालवावी लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. फक्त सव्वा लाख हा आकडा कुणी लिहिला, एवढंच विचारायचं राहतं.

हल्कच्या त्या अंकाचं उदाहरण घ्या. १९७४ साली मार्व्हलनं आपल्या अंकांत कापून चिकटवायचे छोटे स्टॅम्प छापायला सुरुवात केली. मुलांनी ते आनंदानं कापले, कारण त्यासाठीच ते दिले होते. १८१ व्या अंकातही असा एक स्टॅम्प आतल्या पानावर आहे. तो कापलेला असेल तर अंक अपुरा ठरतो आणि किंमत खूप खाली येते. पण बाहेरून, मुखपृष्ठाकडे पाहून, हे कधीच कळत नाही. ते फक्त पानं उलटणाऱ्या परीक्षकाला कळतं. त्यानं पानं उलटली की नाही, हेच आपल्याला जाणून घ्यायचं आहे.

त्रयस्थाची गरज का पडते

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं विश्लेषण केलं. पुढे २००१ चं नोबेल त्याला ज्या कामासाठी विभागून मिळालं त्यात हेही होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडीतला दोष माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून उठतो. मागे उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी घसरते, भावही घसरतो, आणि असं होत होत बाजारच बसू शकतो.

प्रमाणपत्र देणारी संस्था ही या दुखण्यावरचा उतारा आहे. पण नीट पाहिलं तर दुखणं एक पायरी वर सरकलं, एवढंच झालं. आधी अंकाबद्दल माहिती नव्हती, आता परीक्षकाबद्दल नाही. चांगला परीक्षक आणि वाईट परीक्षक दोघंही आपल्याला 'काटेकोर' आणि 'निष्पक्ष' म्हणवतात. दोघांचं कवच चकचकीत आहे. मग निवडायचं कसं?

'नवी' म्हणजे कोणत्या अर्थानं नवी?

कंपनी नवी आहे म्हणून घाबरायचं की नाही, हे 'नवी' या शब्दाचा अर्थ ठरल्याशिवाय सांगता येत नाही. तीन प्रकार आपण वेगळे करू.

पहिला प्रकार, जुनी माणसं आणि नवी पाटी. २०१४ साली सीबीसीएस ही कंपनी निघाली ती स्टीव्ह बोरॉक यांनी काढली, आणि ते सीजीसीमध्ये सुरुवातीच्या वर्षांत प्रमुख परीक्षक होते. दुसरा प्रकार, जुनी पाटी आणि नवं क्षेत्र. पीएसए ही कंपनी १९९१ पासून खेळाडूंची कार्डं तपासत आली, आणि २०२५ मध्ये ती कॉमिक्समध्ये उतरली. कार्डाला दोन बाजू असतात. कॉमिकला बत्तीस किंवा जास्त पानं, पिना आणि कणा असतो. कार्डाचा अनुभव पूर्णपणे इकडे लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही, पण हिशेब, सुरक्षा आणि तक्रारी हाताळण्याचा अनुभव मात्र सोबत येतो. तिसरा प्रकार म्हणजे पाटीही नवी आणि माणसंही अनोळखी. आमच्या विद्यार्थ्याला जाहिरात दिसली ती या तिसऱ्या प्रकारातली होती.

आणि जुनं तेवढं सोनं, असंही समजू नका. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांसोबत निघालेल्या मालिकेतलं होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं कार्ड जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डांपैकी एक आहे. पीएसएनं प्रमाणित केलेलं पहिलंच कार्ड ते, आणि त्याला ८ हा उत्तम आकडा मिळाला. कडा कापून सारख्या केलेलं कार्ड असा आकडा मिळवू शकत नाही, असा नियम. २०१३ साली बिल मॅस्ट्रो या लिलावदारानं शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं की या कार्डाच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. म्हणजे आज ज्या संस्थेवर लोकांचा विश्वास आहे, तिच्या पहिल्या प्रमाणपत्रातच अशी चूक होती. तेव्हा 'किती वर्षांची कंपनी?' हा प्रश्न वाजवी असला तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही.

आप्त कोण?

आता आपण आपल्या घरच्या शास्त्राकडे येऊ. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, भरवशाचा सांगणारा. वात्स्यायनानं भाष्यात त्याचं लक्षण दिलं आहे. त्याचा आशय असा, की ज्यानं ती वस्तू साक्षात जाणली आहे, जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, आणि जो ती सांगतो, तो आप्त. आणि पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. आमच्या मते हे फार महत्त्वाचं आहे. भरवसा कुळावर ठरत नाही, पाटीवर ठरत नाही, या तीन गोष्टींवर ठरतो. हे तीन प्रश्न आपण कंपनीला विचारू.

पहिला प्रश्न ज्ञानाचा. अंक तपासणारी माणसं कोण आहेत? त्यांची नावं आणि पूर्वीचं काम कंपनी उघड सांगते का? एका अंकाला किती जण पाहतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला दिसण्याआधी दुसरा आपला आकडा लिहितो का? डागडुजी ओळखणारा माणूस वेगळा आहे का? कारण दोष ओळखणं आणि लपवलेला दोष ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पांढऱ्या पडलेल्या कण्यावर शाईचा हलका हात, फाटलेल्या पानाला लावलेला चिकट द्रव, कडेची केसभर काप, हे पाहायला भिंग, प्रकाश आणि वर्षांचा सराव लागतो. आणखी एक, कंपनीनं आपलं मापदंड लेखी प्रसिद्ध केलं आहे का? ९.४ ला किती चिरा चालतात हे सांगितलेलंच नसेल, तर आकडा चुकला असं तुम्ही कधी सिद्धच करू शकणार नाही. जे खोटं ठरण्याची शक्यताच नाही, ते खरं असण्याचाही काही अर्थ उरत नाही.

दुसरा प्रश्न हेतूचा. परीक्षकाला पैसे कोण देतो? अंक पाठवणारा देतो, आणि तो बहुतेक वेळा विकणारा असतो. विश्वास मात्र घेणाऱ्यानं ठेवायचा. २००८ च्या आर्थिक संकटात हेच दिसलं होतं. ज्यांचे रोखे, त्यांनीच मानांकन संस्थांना शुल्क द्यायचं, अशी पद्धत होती, आणि सर्वोच्च मानांकन मिळालेले गृहकर्जांचे रोखे पुढे कोसळले. ग्रेडिंग कंपनीवरही तोच दबाव असतो. आकडे सढळ हातानं दिले तर गिऱ्हाईक खूश होतं आणि परत येतं. नव्या कंपनीवर हा दबाव जास्त, कारण तिला गिऱ्हाईक जमवायचं आहे. मात्र उलटा दबावही असतो. सढळ म्हणून नाव झालं की तिच्या आकड्याला भाव मिळेनासा होतो. कोणता दबाव जिंकेल हे मालक किती लांबचा विचार करतो यावर आहे.

हेतू तपासायला काही ठोस खुणा आहेत. कंपनीचे मालक किंवा परीक्षक स्वतः कॉमिक्सचा व्यापार करतात का? करत असतील तर आपल्याच मालाला आकडा देण्याची वेळ कधीतरी येणार. कंपनी अंक दाबून सपाट करण्याची सेवाही विकते का? हा आरोप फक्त नव्यांवर करून चालणार नाही, सीजीसीच्या समूहातही अशी सेवा देणारी भगिनी कंपनी आहे. इथे सेवा आहे म्हणजे लबाडी आहे असं नाही. प्रश्न एवढाच की दाबणारे हात आणि आकडा देणारे हात वेगळे आहेत का, आणि ते वेगळे ठेवण्याची व्यवस्था कंपनी सांगते का. कुंपणच शेत खाणार नाही याची सोय कुंपणानं आधी दाखवावी.

तिसरा प्रश्न सांगण्याचा. चिठ्ठीवर फक्त आकडा आहे की कारणही आहे? '७.०' एवढंच लिहिणारा परीक्षक आणि 'मागच्या पानावर पाऊण इंचाची फाट, कण्यावर शाईचा हात' असं नोंदवणारा परीक्षक यांत दुसरा जास्त धोका पत्करतो, कारण त्याचं म्हणणं तपासता येतं. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकल्यावर अंकाचं छायाचित्र पाहता येतं का? कोणत्या अंकाला किती प्रती कोणत्या आकड्याच्या दिल्या, याची जनगणना कंपनी उघड ठेवते का?

कवच आणि चूक

एक गोष्ट वात्स्यायनाला सांगावी लागली नाही, ती आपल्याला पाहावी लागते. सांगणारा कितीही खरा असला तरी त्याचा शब्द वाटेत बदलता येऊ नये. कवच उघडून आतला अंक बदलला आणि ते पुन्हा बंद केलं तर?

२०२३ च्या अखेरीस सीजीसीच्या बाबतीत असंच उघडकीला आलं. कवच जुनं झालं की नव्यात घालून देण्याची कंपनीची सेवा असते. काही कवचांत चांगल्या आकड्याच्या अंकाच्या जागी कमी प्रतीचा अंक घालून ती या सेवेसाठी पाठवली गेली. कंपनीनं जुनी चिठ्ठी कायम ठेवून नवं कवच दिलं, आणि छेडछाडीच्या खुणाही जुन्या कवचाबरोबर गेल्या. हे बाहेर आल्यावर कंपनीनं संशयित प्रमाणपत्रांच्या क्रमांकांची यादी जाहीर केली.

या प्रसंगातून दोन धडे. पहिला, कवच छेडलं तर कळतं का, हे नव्या कंपनीला जरूर विचारा. दुसरा धडा जास्त मोलाचा आहे. चूक सगळ्यांकडून होते. चूक झाल्यावर कंपनी काय करते ते पाहा. नुकसानभरपाईची अट वाचा. आकडा चुकला तर पैसे कोण देणार, किती देणार, आणि चुकला हे ठरवणार कोण? ठरवणारी कंपनी स्वतःच असेल, आणि देणारीही तीच असेल, तर त्या हमीची किंमत ओळखून असा. आणि कंपनीच बंद पडली तर हमी कागदावरच राहते. नव्या कंपनीबाबत हा धोका खरा आहे, तिचा हेतू कितीही शुद्ध असो.

स्वतः तपासायचं कसं

मागच्या वेळी आपण पाहिलं की मीमांसकांच्या मते ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःसिद्ध असतं. ते खोटं ठरेपर्यंत खरं धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून कळतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं होतं हे कळलं. रोजच्या जगण्यात आपण सगळे मीमांसक असतो. वाटेत पत्ता विचारला तर सांगणाऱ्याचं प्रमाणपत्र मागत नाही. पण जिथे सांगणाऱ्याला आपल्याकडून पैसे मिळणार आहेत आणि चूक झाली तर भरून निघणार नाही, तिथे नैयायिक व्हावं, असं आमचं मत.

नैयायिकाची चाचणी अशी. मोठा अंक पाठवायच्या आधी स्वस्तातले दहाएक अंक पाठवा. त्यांत काही असे घ्या की ज्यांना दुसऱ्या कंपनीनं आधी आकडा दिलेला आहे. कवचातून काढा आणि पाठवा. एक-दोन अंकांत तुम्हाला माहीत असलेला लपलेला दोष असू द्या, आतला कापलेला कोपरा, नाहीसं झालेलं पान. हा दोष पाठवताना लपवून फसवायचं नाही, कंपनी तपासते का एवढंच पाहायचं. असा अंक आकड्यासह परत आला तर तो विकायचा नाही.

निकाल आल्यावर काय पाहाल? एखाद्या अंकाला ९.४ ऐवजी ९.६ मिळाला तर तो दोष नव्हे. माणसाच्या नजरेत तेवढा फरक पडतोच, त्याच कंपनीत पुन्हा पाठवला तरी पडेल. पाहायची ती फरकाची दिशा. फरक निव्वळ नजरेचा असेल तर कधी वर, कधी खाली जाईल, नाण्याच्या छापा-काट्यासारखा. दहाच्या दहा अंकांना आधीपेक्षा जास्त आकडा मिळाला, तर हे योगायोगानं होण्याची शक्यता १०२४ मध्ये १ इतकी आहे. तेव्हा तुम्ही समजायचं की या कंपनीची पट्टीच वेगळी आहे. ती पट्टी सैल आहे की आधीची कंपनी फार आवळ होती, हा पुढचा प्रश्न; पण दोन्हींचा '९.६' एकच नाही हे नक्की.

जनगणनेकडे पाहतानाही एक सावधगिरी. एखाद्या नव्या अंकाच्या निम्म्या प्रतींना ९.८ दिलेला दिसला, तर लगेच सैलपणाचा आरोप करू नका. लोक चांगल्याच प्रती निवडून पाठवतात, शुल्क वाया कोण घालवेल? तुलना करायची ती त्याच अंकाच्या दुसऱ्या कंपनीच्या जनगणनेशी.

दोन वेगळे प्रश्न

आता एक सूक्ष्म गोष्ट, आणि आमच्या विद्यार्थ्यासाठी तीच निर्णायक होती. 'आकडा बरोबर आहे का?' आणि 'हा आकडा इतर लोक मानतील का?' हे दोन प्रश्न एक नव्हेत. नवी कंपनी अगदी काटेकोर असूनही तिचा ९.० जुन्या कंपनीच्या ९.० पेक्षा कमी भावाला जाऊ शकतो, कारण बाजाराला ती अजून माहीत नाही. हा अन्याय आहे का? थोडासा आहे. पण नाणं चालतं ते चालतं म्हणून चालतं, तसंच हेही आहे. ज्याला अंक जपून ठेवायचा आहे त्याला पहिला प्रश्न पुरतो. ज्याला विकायचा आहे त्याला दुसराही विचारावा लागतो, आणि त्याचं उत्तर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीत शोधायचं असतं. मागितलेल्या किमतीत ते सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळ्यांनी असाच विचार केला तर नवी कंपनी उभी कधी राहणार, आणि जुनीची मक्तेदारी मोडणार कधी? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही 'नव्याकडे जाऊ नका' असं म्हणत नाही. विश्वास हप्त्याहप्त्यानं द्यावा, असं म्हणतो. गमावले तरी चालतील असे अंक आधी पाठवावेत, निकाल प्रामाणिकपणे इतरांना सांगावेत, चांगले असतील तर चांगले म्हणावं. नवी संस्था आप्त होते ती अशीच, अनेकांच्या छोट्या अनुभवांतून.

शेवटी काय झालं

आमच्या विद्यार्थ्यानं हल्कचा अंक घरीच ठेवला आणि नव्या कंपनीला पाच साधे अंक पाठवले. त्यांतला एक मार्व्हलचाच त्याच काळातला, आतला स्टॅम्प कापलेला. चार अंकांचे आकडे त्याच्या अंदाजाच्या आसपास आले. पाचव्यालाही छान आकडा आला, चिठ्ठीवर कापलेल्या स्टॅम्पचा उल्लेखच नाही. त्यानं छायाचित्रासह कळवलं. कंपनीनं दोन दिवसांत उत्तर दिलं, चूक मान्य केली, अंक मागवून चिठ्ठी बदलली, टपालखर्चही दिला. आम्हाला हे ऐकून बरं वाटलं. मग त्यानं आणखी एक प्रश्न विचारला, की ज्या परीक्षकानं हा अंक पाहिला त्यानं पाहिलेले इतर अंक तुम्ही पुन्हा तपासलेत का? त्याला उत्तर आलं नाही.

त्यानं आम्हाला विचारलं, "मग सर, कंपनी खोटी म्हणायची का?" आम्ही म्हटलं, नाही. सांगण्याची इच्छा आहे, हे दोन दिवसांत आलेल्या उत्तरावरून दिसतं. पानं उलटण्याची सवय अजून नाही. तीन अटींपैकी एक पुरी, एक अपुरी आणि तिसऱ्या अटीबद्दल अजून मौन. मुलीची फी त्या मौनावर अवलंबून ठेवू नकोस, पण वर्षभरानं आणखी पाच अंक पाठवून बघ.

हल्कचा अंक त्यानं जास्त शुल्क भरून जुन्या कंपनीकडे पाठवला आहे. पाठवण्याआधी त्यानं स्वतः पानं उलटून पाहिली. स्टॅम्प जागेवर आहे. आकडा अजून आलेला नाही, आणि मुलीच्या फीचा पहिला हप्ता त्यानं तूर्त बचतीतून भरला.

पुढच्या व्याख्यानात आपण याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊ : आप्तांचं आपसात पटत नसेल तर कुणाचं ऐकायचं? तोवर तुमच्या घरातल्या एखाद्या प्रमाणपत्राकडे, मग ते दागिन्याचं असो की औषधाचं, हे तीन प्रश्न घेऊन एकदा पाहा, आणि काय दिसलं ते कळवा.